बॉड, बीपीएस, कॅरिअर, हँडशेक: हा शब्द कुठल्या दोन टोकांमधला?

भाऊ, तुमचा प्रश्न दोनदा वाचला. आधी तो माझ्या शब्दांत मांडते, म्हणजे माझा काही गैरसमज झाला असेल तर तिथेच सांगता येईल. तुम्ही आर्णी तालुक्यात कृषिपंपांचे स्टार्टर दुरुस्त करता. भंगारात टेलिफोनचा जुना, बाहेरून जोडायचा मोडेम मिळाला, त्यावर ‘५६के’ छापलंय. मोबाईलवरून पंप चालू करायचा डबा बनवावा म्हणून एक जीएसएम मॉड्यूल (सिम घालून चालणारा छोटा सर्किट बोर्ड) आणलं, त्याच्या कागदावर ‘९६०० बॉड’ लिहिलंय. ते मॉड्यूल कॉम्प्युटरला लावून टर्मिनलचा प्रोग्राम उघडला, तर तिथे वेग ११५२०० निवडलेला आहे आणि पडद्यावर अक्षरांऐवजी चौकोन आणि प्रश्नचिन्हं उमटतात. व्हिडिओत एक जण सांगतो बॉड आणि बीपीएस एकच, दुसरा म्हणतो अजिबात नाही. तेव्हा यातलं खरं काय, कॅरिअर, हँडशेक, पॅरिटी हे काय प्रकरण आहे, आणि मॉड्यूल खराब निघालं का?

मॉड्यूल बहुतेक ठीक आहे. तुमचा गोंधळ एकाच कारणाने झालाय. ५६०००, ९६०० आणि ११५२०० हे आकडे वेगवेगळ्या वाटांवरचे आहेत आणि तुम्ही ते एकाच वाटेवरचे धरून ताडून पाहताय. मी १९९९ पासून दारव्हा, दिग्रस, पुसद या पट्ट्यात मोडेम बसवत आले, त्याच वेळी संगणकाचे वर्गही घेत होते. मुलं हे शब्द पाठ करून यायची आणि पहिल्याच कामात अडकायची. मग मी फळ्यावर तीन वाटा काढून द्यायला लागले. कोणताही शब्द आला की आधी विचारायचं, हा कुठल्या दोन टोकांमधला?

पहिली वाट म्हणजे कॉम्प्युटर ते त्याच्या शेजारी ठेवलेला मोडेम, मध्ये हातभर केबल. दुसरी म्हणजे तुमचा मोडेम ते पार दुसऱ्या गावचा मोडेम, मध्ये टेलिफोनची लाईन. तिसरी म्हणजे तुमच्या कॉम्प्युटरमधला प्रोग्राम ते तिकडच्या कॉम्प्युटरमधला प्रोग्राम. स्टार्ट बिट, स्टॉप बिट, पॅरिटी, फ्लो कंट्रोल, आरएस-२३२ हे पहिल्या वाटेवरचे शब्द. मॉड्युलेशन, कॅरिअर, हँडशेक, लाईनवरचा गोंगाट हे दुसऱ्या वाटेवरचे. पीपीपी (इंटरनेटशी जोडून घ्यायचे नियम), पासवर्ड, झेडमोडेम (फाईल पाठवायची एक पद्धत) हे तिसऱ्या वाटेवरचे. बॉड मात्र पहिल्या आणि दुसऱ्या दोन्ही वाटांवर भेटतो, आणि त्यामुळेच त्या दोन व्हिडिओवाल्यांचं भांडण आहे. त्याकडे येतेच.

आधी मोडेम लागतोच कशाला, ते पाहू. आपल्या यवतमाळ–मूर्तिजापूरच्या शकुंतला रेल्वेतून कधी प्रवास केला असेल किंवा घरच्या म्हाताऱ्या माणसांकडून ऐकलं असेल. ती ७६२ मिलिमीटरची अरुंद लाईन. यवतमाळ-दारव्ह्याचा कापूस तिच्यातून मूर्तिजापूरला जायचा. पुढे मुंबईकडची लाईन रुंद, १६७६ मिलिमीटरची. शकुंतलेचा डबा त्या रुळांवर चढणं शक्य नाही, म्हणून मूर्तिजापूरला माल एका डब्यातून काढून दुसऱ्यात भरायचा. गाठी त्याच, फक्त डबे बदलले. मोडेम हे असंच माल बदलायचं ठिकाण आहे. कॉम्प्युटरचे बिट, म्हणजे ० आणि १, हे व्होल्टेजचे सरळ चढ-उतार. टेलिफोनची व्यवस्था उभी राहिली माणसाच्या बोलण्यासाठी, आणि तिच्यातून साधारण ३०० ते ३४०० हर्ट्झ एवढ्याच पट्ट्यातला आवाज पलीकडे पोचतो. स्थिर व्होल्टेज तर एक्स्चेंजच्या पुढे जातच नाही. मग बिटांचं रूपांतर त्या पट्ट्यात बसणाऱ्या सुरांत करायचं, हे मॉड्युलेशन. पलीकडे सुरांतून पुन्हा बिट काढायचे, हे डिमॉड्युलेशन. दोन्ही शब्दांची सुरुवातीची अक्षरं जोडून मोडेम हे नाव झालं.

सगळ्यात सोपी पद्धत जुन्या ३०० वेगाच्या मोडेमची. व्ही.२१ या प्रमाणात, म्हणजे सगळ्यांनी मान्य केलेल्या नियमांत, फोन लावणारा मोडेम १ साठी ९८० हर्ट्झचा सूर काढतो आणि ० साठी ११८० हर्ट्झचा. फोन घेणारा १ साठी १६५० आणि ० साठी १८५० वापरतो. दोघांचे सूर वेगळे ठेवल्यामुळे दोघंही एकाच वेळी बोलू शकतात, याला फुल डुप्लेक्स म्हणतात. वॉकीटॉकीसारखं एकाने थांबल्यावर दुसऱ्याने बोलायचं, ते हाफ डुप्लेक्स. रेडिओसारखं एकाच दिशेने, ते सिम्प्लेक्स.

आता बॉड. हे नाव एमिल बोदो या फ्रेंच तारायंत्र अभियंत्यावरून आलं. लाईनवरची खूण सेकंदाला किती वेळा बदलते, तो आकडा म्हणजे बॉड. सेकंदाला किती बिट पलीकडे गेले, तो आकडा बीपीएस. दोन्हींमधला फरक मी मुलांना टॉर्चने दाखवायची, तुम्हालाही तसाच सांगते, कारण रात्रीचं ओलीत तुम्हाला नवीन नाही.

तुम्ही धुऱ्यावर उभे आहात, तुमचा भाऊ विहिरीवर. टॉर्च लागली तर पंप चालू, नाही लागली तर बंद. दर सेकंदाला एक खूण आणि प्रत्येक खुणेत एक बिट, म्हणजे १ बॉड आणि १ बीपीएस. इथे दोन्ही आकडे सारखे. आता असं ठरवलं की टॉर्च चार जागांपैकी एका जागी धरायची: वर, खाली, डावीकडे, उजवीकडे. खुणा अजून सेकंदाला एकच, पण एका खुणेतून चार शक्यतांपैकी एक कळते, म्हणजे २ बिट. बॉड १, बीपीएस २. जागा सोळा केल्या तर एका खुणेत ४ बिट. हात तेवढ्याच वेगाने हलतोय, निरोप चौपट जातोय.

मोडेमने नेमकं हेच केलं. १२०० वेगाचा व्ही.२२ मोडेम ६०० बॉडवर चालायचा, एका खुणेत २ बिट. २४०० वेगाचा व्ही.२२बिस तेवढ्याच ६०० बॉडवर, सोळा जागा, ४ बिट. ९६०० चा व्ही.३२ मोडेम २४०० बॉडवर. ३३६०० चा व्ही.३४ जास्तीत जास्त ३४२९ बॉडवर, म्हणजे एका खुणेत जवळजवळ १० बिट. ‘माझा मोडेम ३३६०० बॉडचा आहे’ असं कुणी म्हणालं तर ते चूक, कारण ३४०० हर्ट्झला संपणाऱ्या लाईनवर सेकंदाला ३३६०० खुणा मावणारच नाहीत.

आणि ही सोय फुकट मिळत नाही. तुरीवर धुवारी, म्हणजे दाट धुकं, पडते त्या पहाटे हेच टॉर्चचे इशारे करून पाहा. दोन जागा असतील तर भाऊ ओळखेल. सोळा असतील तर टॉर्च हातभर वर होती की दीड हात, हे त्याला दिसणार नाही. लाईनवरचा गोंगाट म्हणजे ही धुवारी. अमेरिकन गणितज्ञ क्लॉड शॅनन यांनी १९४८ मध्ये याचं गणित मांडलं: पट्ट्याची रुंदी आणि सिग्नल गोंगाटाच्या किती पट आहे, एवढ्यावरून वेगाची कमाल मर्यादा ठरते. ३१०० हर्ट्झचा पट्टा आणि सिग्नल गोंगाटाच्या सुमारे ३००० पट असेल, तर मर्यादा सुमारे ३६००० बीपीएस निघते. गोंगाट दसपट वाढला की ती २६००० च्या आत येते. म्हणून मोडेम धुवारी पाहून जागा कमी करतो, वेग उतरतो, पण निरोप चुकत नाही.

मग त्या दोन व्हिडिओंत बरोबर कोण? दोघंही, आपापल्या वाटेवर. कॉम्प्युटर ते मोडेम या केबलवर दोनच खुणा असतात, व्होल्टेज असं किंवा तसं. एका खुणेत एक बिट. म्हणून तिथे ९६०० बॉड आणि ९६०० बीपीएस एकच, आणि तुमच्या मॉड्यूलचा ९६०० हा आकडा याच वाटेचा आहे. टेलिफोन लाईनवर मात्र १९६२ च्या बेल १०३ सारख्या, दोनच सुरांत बोलणाऱ्या जुन्या मोडेममध्येच दोन्ही आकडे सारखे होते. बोलायची सवय तेव्हाची राहिली.

५६के चं काय, तर त्याला एक अट आहे. डिजिटल एक्स्चेंज तुमचा आवाज सेकंदाला ८००० वेळा मोजतं आणि प्रत्येक मोजणी ८ बिटांत लिहितं, म्हणजे ६४००० बीपीएस. या मोजणीतच थोडी चूक राहते आणि ती गोंगाट म्हणून मोजली जाते. १९९८ च्या व्ही.९० प्रमाणात अशी युक्ती केली की इंटरनेट कंपनीचं टोक थेट डिजिटल ठेवायचं, म्हणजे तिकडून तुमच्याकडे येताना ही मोजणी होतच नाही. म्हणून येणारा वेग ५६००० पर्यंत, जाणारा मात्र ३३६०० पर्यंतच. पण मध्ये कुठेही सिग्नल एकदा जास्त अ‍ॅनालॉगमध्ये जाऊन परत आला की युक्ती संपली आणि ३३६०० किंवा त्याच्या खालीच जोडणी मिळते. खेड्यात हेच व्हायचं. काही ठिकाणी गावचं छोटं एक्स्चेंज डिजिटल असायचं, पण तिथून तालुक्याला जाणारी जोडणी अ‍ॅनालॉग. तिथे मोडेमचा डबा कितीही महाग घेतला तरी फरक पडत नव्हता. तालुक्याच्या गावी, एक्स्चेंजच्या जवळ, ४४००० किंवा ४६००० मिळायचे. तेव्हा तुमच्या लाईनवर किती मिळालं असतं, हे डब्यावरच्या छापावरून सांगता येत नाही. ते एक्स्चेंजचं अंतर, मधली जोडणी आणि तारेची अवस्था यावर ठरतं.

तारेच्या अवस्थेवरून एक आठवण सांगते. २००१ चा पावसाळा. एका जिनिंगच्या ऑफिसात मी मोडेम बसवला होता, संध्याकाळी मुंबईचे भाव मेलने यायचे. उन्हाळाभर ठीक चाललं. जुलैत तक्रार आली की लागतो आणि तुटतो. मालक म्हणाले, ‘‘मशीन तर ११५२०० दाखवते, मग मेल यायला अर्धा तास का?’’ मी जाऊन पाहिलं. पडद्यावर खरंच ‘कनेक्ट ११५२००’ असं आलं होतं, आणि तो आकडा पहिल्या वाटेचा होता, कॉम्प्युटर ते मोडेम. बरेच मोडेम मुळात तोच दाखवतात. एटी डब्ल्यू२ ही कमांड देऊन पुन्हा लावलं तेव्हा दुसऱ्या वाटेचा खरा आकडा आला: १४४००.

लाईनमन आला, रिसीव्हर कानाला लावून म्हणाला, ‘‘म्याडम, लाईन तं चांगली हाय. बोलनं होते ना.’’ त्याचं चुकत नव्हतं. माणसाचा कान खरखर बाजूला सारून शब्द ऐकतो. मोडेमला तसं करता येत नाही, त्याला एका खुणेत दहा बिट ओळखायचे असतात. आम्ही दोघं तार धरून चालत गेलो. नाल्याच्या काठावर बाभळीखाली एक जोड होता, नुसती काळी टेप गुंडाळलेली. टेप सोडली तर आतून पाणी गळलं आणि तांबं हिरवं पडलेलं. काळ्या मातीत हे नेहमीचं. उन्हाळ्यात जमीन भेगाळते, तार ताणली जाते, जोड सैल होतो आणि पावसात त्यात पाणी शिरतं. त्याने तार पुन्हा घासून, पिळून, नीट बंद केली. संध्याकाळी जोडणी ३१२०० वर झाली. डबा तोच, कॉम्प्युटरही तोच.

कॅरिअर म्हणजे तो सूर, ज्याच्या अंगावर बिट चढवलेले असतात. बिट जात नसले तरी सूर चालूच असतो, आणि तो ऐकू येतोय तोवर मोडेमच्या पुढच्या बाजूचा सीडी लिहिलेला दिवा लागलेला राहतो. सूर हरवला की मोडेम थोडा वेळ वाट पाहतो, मग फोन ठेवतो आणि ‘नो कॅरिअर’ लिहितो. किती वेळ वाट पाहायची हे एस१० नावाच्या खणात असतं, सेकंदाच्या दहाव्या भागांत. बहुतेक मोडेममध्ये तिथे १४ असतं, म्हणजे १.४ सेकंद. आमच्याकडे वीज कडाडली की क्षणभर सूर दबायचा आणि जोडणी जायची. तिथे ५० टाकलं की बऱ्याच वेळा ती तगून राहायची.

हँडशेक म्हणजे जोडणीच्या सुरुवातीची बोलाचाली. तो आवाज ज्यांनी ऐकलाय ते विसरत नाहीत, आणि त्यातला प्रत्येक तुकडा अर्थाचा आहे. आधी डायल टोन, मग नंबरचे सूर, मग पलीकडची रिंग. पलीकडचा मोडेम फोन उचलतो आणि २१०० हर्ट्झचा लांब सूर काढतो. त्या सुरात साधारण दर अर्ध्या सेकंदाला एक ‘टक्’ असा झटका असतो. तो टेलिफोनच्या यंत्रणेला सांगतो की इथे माणसं बोलत नाहीत, प्रतिध्वनी मारायची सोय बंद करा. मग दोघं हळू वेगात एकमेकांना सांगतात की मला कोणकोणती प्रमाणं येतात. त्यानंतर लाईनची तपासणी, वेगवेगळे सूर पाठवून कुठला किती दबतो ते पाहणं. शेवटची ती ‘खश्श्श’ म्हणजे दोघांनी आपापली गाळणी त्या लाईनला जुळवून घेणं. जुळलं की स्पीकर बंद होतो आणि ‘कनेक्ट’ येतं. मी नुसता आवाज ऐकून सांगायची की आज लाईन खराब आहे, कारण ती ‘खश्श्श’ परत परत यायची.

मोडेमला हुकूम द्यायची भाषा १९८१ च्या हेज स्मार्टमोडेमपासून आली आणि अजून तीच आहे. प्रत्येक हुकमाची सुरुवात इंग्रजी ए आणि टी या अक्षरांनी, म्हणजे ‘लक्ष दे’. एटीडीटी आणि पुढे नंबर, म्हणजे सुरांनी फोन लाव. एटीडीपी म्हणजे जुन्या डायलसारखा ठोके देऊन लाव. एटीए म्हणजे उचल, एटीएच म्हणजे ठेव. एटीएक्स३ म्हणजे डायल टोनची वाट न पाहता लाव. आपल्याकडे ही फार कामाची होती, कारण बाहेरच्या देशांसाठी बनलेल्या मोडेमना इथला डायल टोन ओळखू येत नसे आणि ते ‘नो डायलटोन’ म्हणून अडून बसत.

तुमच्या जीएसएम मॉड्यूललाही हीच भाषा कळते. एटीडी, नंबर आणि शेवटी अर्धविराम दिला तर साधा फोन लागतो. समोरच्याने ठेवला की मॉड्यूलही ‘नो कॅरिअर’ लिहितं. तिथे टेलिफोनचा तो सूर कुठेच नाही, शब्द मात्र तोच राहिला. म्हणजे जुना मोडेम शिकलात तर नवीन मॉड्यूलची निम्मी पुस्तिका तुम्हाला आधीच येते.

आता तुमच्या पडद्यावरच्या कचऱ्याकडे, म्हणजे त्या चौकोन आणि प्रश्नचिन्हांकडे येऊ. ही पहिली वाट आहे, आणि तुम्हाला सगळ्यात जास्त इथेच लक्ष द्यायचं आहे.

केबलवर काही चालू नसतं तेव्हा पातळी १ वर स्थिर असते. एक अक्षर पाठवायचं झालं की आधी एक बिट ० येतो, तो स्टार्ट बिट. ‘आता येतंय, घड्याळ चालू कर’ एवढंच तो सांगतो. मग अक्षराचे आठ बिट, सगळ्यात धाकटा आधी. मग एक बिट १, तो स्टॉप बिट. इंग्रजी मोठा ए घ्या. त्याचा क्रमांक ६५. केबलवर तो असा जातो: ०, मग १०००००१०, मग १. एकूण दहा बिट. ९६०० वेगाला एक बिट सुमारे १०४ मायक्रोसेकंद टिकतो.

घेणाऱ्याकडे पाठवणाऱ्याचं घड्याळ नसतं. तो स्टार्ट बिट पाहतो आणि आपल्या घड्याळाने प्रत्येक बिटाच्या मधोमध डोकावतो. दोघांची घड्याळं दोन-तीन टक्क्यांनी चुकली तरी चालतं, कारण दर अक्षराला पुन्हा नवी सुरुवात होते. पण तुमचा टर्मिनल ११५२०० ला बसलाय आणि मॉड्यूल ९६०० ने बोलतंय. ११५२०० म्हणजे ९६०० ची बरोबर बारा पट. मॉड्यूलचा एक स्टार्ट बिट संपायच्या आत टर्मिनल त्याच्याकडे बारा वेळा डोकावतो, त्याला सगळे ० दिसतात आणि तो एक अख्खं खोटं अक्षर लिहून मोकळा होतो. तुम्हाला दिसणारे चौकोन ते हेच. टर्मिनलमध्ये ९६०० निवडा. माझ्या अनुभवात अशा दहांतल्या आठ तक्रारी इथेच मिटतात.

पॅरिटी म्हणजे अक्षरातले १ मोजून जोडलेला एक तपासणीचा बिट. ‘इव्हन’ ठरवलं असेल तर १ ची एकूण संख्या सम झाली पाहिजे. एक बिट उलटला तर चूक कळते, दोन उलटले तर कळत नाही, आणि दुरुस्त तर काहीच होत नाही. म्हणून आता बहुतेक ठिकाणी पॅरिटी ‘नन’ ठेवतात आणि चुका पकडायचं काम वरची व्यवस्था करते. सेटिंगमध्ये ८-एन-१ दिसतं त्याचा अर्थ आठ बिट, पॅरिटी नाही, एक स्टॉप बिट. तुम्हाला तेच हवं.

बऱ्याच मॉड्यूलमध्ये वेग आपोआप ओळखायची सोय असते. तुम्ही एटी टाइप केलं की ते पहिल्या अक्षराचा स्टार्ट बिट मोजतं. ए मध्ये स्टार्ट बिटानंतर लगेच १ येतो, त्यामुळे तो ० एकटा, नेमका एका बिटाच्या रुंदीचा असतो. ए मध्ये १ दोनदा, टी मध्ये तीनदा. एक सम, एक विषम, त्यावरून जुने मोडेम पॅरिटीही ओळखायचे. म्हणून दोन्ही अक्षरं मोठी किंवा दोन्ही लहान द्या, एक मोठं एक लहान नको.

फ्लो कंट्रोल म्हणजे ‘थांब, माझं भांडं भरलं’ असं सांगायची सोय. ती दोन तऱ्हांनी होते: आरटीएस आणि सीटीएस या वेगळ्या वायरींनी, किंवा एक्सऑन-एक्सऑफ या खास अक्षरांनी. तुमची केबल पाठवणं, घेणं आणि ग्राउंड अशी तीनच वायरींची असेल तर टर्मिनलमध्ये हार्डवेअर फ्लो कंट्रोल बंद करा. नाही तर कॉम्प्युटर न लावलेल्या वायरीवरच्या परवानगीची वाट पाहत बसेल आणि तुम्हाला वाटेल मॉड्यूल मेलं.

जुन्या मोडेमला मात्र पूर्ण केबल आणि आरटीएस-सीटीएस दोन्ही हवंच. तो दुसऱ्या वाटेवर माल दाबून, म्हणजे कमी बिटांत बसवून पाठवतो. व्ही.४२बिस या दाबायच्या पद्धतीत साधा मजकूर चौपटीपर्यंत दाबला जातो, म्हणून केबलचा वेग लाईनच्या वेगापेक्षा बराच जास्त ठेवतात. तुमच्या पडद्यावरच्या त्या ११५२०० चं मूळ यातच आहे. आधीच दाबलेले फोटो किंवा झिप फाईल यात आणखी दबत नाहीत. बिट आणि बाईट (आठ बिटांचा एक बाईट) यांची गल्लतही इथेच होते. ३३६०० बीपीएस म्हणजे सेकंदाला ४२०० बाईट, कारण चूक-दुरुस्ती चालू असताना स्टार्ट-स्टॉप बिट लाईनवर पाठवले जात नाहीत. एक मेगाबाईटला सव्वाचार मिनिटांच्या आसपास.

वायर जोडण्याआधी व्होल्टेज पाहा. जुन्या मोडेमचा पोर्ट आरएस-२३२ आहे, तिथे पातळी अधिक-उणे ३ ते १५ व्होल्ट. तुमच्या मॉड्यूलच्या पिना ३ व्होल्टच्या आसपासच्या. कॉम्प्युटरचा नऊ पिनांचा पोर्ट थेट त्या पिनांना लावला तर मॉड्यूल खरोखर जळेल. मध्ये पातळी बदलणारी, ३ व्होल्टवर चालणारी मॅक्स३२३२ सारखी चिप, किंवा सरळ ३.३ व्होल्टची यूएसबी ते टीटीएल केबल घ्या. आणि मॉड्यूलची पाठवायची पिन कॉम्प्युटरच्या घ्यायच्या पिनेला, अशी उलटसुलट जोडणी करा.

आणखी एक शक्यता पॉवरची. जीएसएम मॉड्यूल टॉवरशी बोलताना क्षणभर २ अँपिअरपर्यंत ओढतं. यूएसबीच्या ५०० मिलिअँपिअरवर ते नेमकं टॉवर शोधताना बसतं आणि परत चालू होतं. वेगळा चांगला सप्लाय द्या आणि मॉड्यूलच्या अगदी जवळ १००० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर लावा. मॉड्यूल फक्त टूजीचं असेल तर जिओचं सिम त्यात चालणार नाही, त्यांचं जाळं फोरजीपासून सुरू होतं. शेतात सिग्नल किती येतो ते एटी+सीएसक्यू विचारून कळतं, उत्तर ० ते ३१ मध्ये येतं, ९९ म्हणजे सिग्नल मोजता आला नाही. मी १० च्या खाली आलं की अँटेना डब्याबाहेर काढून उंच लावायला सांगते. स्टार्टरच्या कॉन्टॅक्टरपासून मॉड्यूल जमेल तितकं दूर ठेवा, कॉइल सुटताना जो झटका येतो त्याने मॉड्यूल अडकतं.

भंगारातल्या मोडेमचं काय करायचं, हे तुमच्याकडे काय आहे त्यावर ठरेल. डायल-अप इंटरनेटसाठी आता त्याचा उपयोग नाही, आणि फायबरवरून येणाऱ्या फोनवर तो भरवशाने चालत नाही. पण शिकायला तो उत्तम आहे. असाच आणखी एक मिळाला तर दोघांच्या लाईनच्या सॉकेटमध्ये टेलिफोनची साधी दोन तारांची वायर जोडा, एका तारेत ९ व्होल्टची बॅटरी आणि ३०० ओहमच्या आसपासचा रेझिस्टर घाला. एका मोडेमला एटीएक्स३डी द्या, दुसऱ्याला एटीए. बऱ्याच मोडेमची जोडणी होते आणि तो सगळा हँडशेक तुमच्या टेबलावर ऐकू येतो. दोन्हींवर ५६के छापलेलं असलं तरी वेग ३३६०० च्या वर जाणार नाही. का, ते आता तुम्हाला माहीत आहे.

आज रात्री एवढंच करा. टर्मिनलमध्ये ९६००, ८-एन-१, फ्लो कंट्रोल बंद. एटी टाइप करून एंटर दाबा. ‘ओके’ आलं तर मॉड्यूल चांगलं आहे. एटी तुम्हालाच परत दिसलं पण ‘ओके’ नाही, तर पाठवायची आणि घ्यायची वायर एकमेकींना टेकलेली असू शकते. काहीच नाही आलं तर त्या दोन वायरींची अदलाबदल करून पाहा. तरी कचराच आला तर केबलला किती वायरी आहेत, सप्लाय कुठून दिलाय आणि सेटिंगच्या चौकटीतले आकडे काय आहेत, एवढं लिहा, त्यावरून पुढचं सांगते.